नीलगिरी, मालकीचा साग आणि अधूनमधून तीन फुटी आंबा: रोजच्या तोडीसाठी कटर (चेन सॉ) कोणता घ्यावा? (नाशिक)

बांधावरचा_साग

राम राम मंडळी. मी दिंडोरीकडचा, चार वर्षं झाली झाडतोडीची कामं घेतो. जास्त करून शेतकऱ्यांच्या बांधावरची नीलगिरी, सुबाभूळ, मालकीचा साग (परवानगी, वाहतूक पास सगळं रीतसर काढून), आणि वर्षाकाठी चार-पाचदा एखादं वठलेलं आंब्याचं नाहीतर चिंचेचं धूड. आत्तापर्यंत मी आणि दोन पोरं असं भागत होतं पण यंदा दोन मोठी कामं धरलीत, एक पेठ रोडच्या बाजूला नीलगिरीचं आणि दुसरं सुरगाण्याकडं डोंगरउतारावर सागाचं, म्हणजे मशीन रोज पाच-सहा तास चालणार.

माझ्याकडं ऑनलाइन मागवलेले ५८ सीसीचे दोन चायना कटर आहेत. पहिला आठ महिन्यांत गेला, खोलला तर पिस्टनवर एका बाजूनं उभ्या रेघाच रेघा. दुसरा चालतो पण सकाळी दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, आणि गरम झाला की बंद, मग अर्धा तास सावलीत ठेवल्याशिवाय उठत नाही. मागच्या आठवड्यात चेन ब्रेकचं हँडल तुटलं, पार्ट पाहिजे म्हणून विकणाऱ्याला सहा वेळा फोन केला, उचलत नाही. बिनब्रेकचं मशीन पोरांच्या हातात द्यायला माझा जीव होत नाही म्हणून ते काम थांबवून ठेवलंय.

आता चांगलं मशीन घ्यायचंय, दोन मिळून दीड लाखापर्यंत जाईन. एक जण म्हणतो स्टील (Stihl) कंपनीचा एमएस २५० घे, सगळं होतं त्यात. एका दुकानदारानं सांगितलं एकदाच ९० सीसीचं घेऊन टाका, पुन्हा बघायला नको. हस्कवर्ना चांगलं का स्टील? बार (चेन फिरते ती पट्टी) १८ इंची का २५ इंची? कोणी रोज वापरणारा असेल त्यानं सांगा, जाहिरातीतलं मी वाचलंय सगळं.

कानस_आणि_कटर

भाऊ मी सातपूरला ही मशीनं रिपेअर करतो, सोळा वर्षं झाली, विकत नाही त्यामुळं कुठल्याच कंपनीची बाजू घ्यायचं कारण नाही.

पहिलं तुमच्या ५८ सीसीचं. माझ्याकडं असंच एक आलं होतं, त्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) व्हर्नियरनं मोजला, ४५.२ मिलिमीटर, स्ट्रोक ३४. हिशोब करा, साडेचोपन्न सीसी येतात. म्हणजे बॉक्सवरचा आकडासुद्धा खरा नव्हता, ताकदीचं तर लांबच राहिलं. म्हणून सीसी बघू नका, किलोवॅट आणि वजन बघा, दोन्ही कंपनीच्या पुस्तकात छापलेलं असतं. एमएस २५० हा ४५.४ सीसी, २.३ किलोवॅट, ४.६ किलो. मशीन चांगलंच आहे पण ते शेतकऱ्यासाठी बनवलेलं आहे, आठवड्यातून दोन दिवस फांद्या आणि सरपण. रोज सहा तास लावलं की दोन सीझनमध्ये माझ्याकडं येतं. प्रोफेशनल मशीनमध्ये क्रँककेस मॅग्नेशियमचा असतो, सिलिंडर वेगळा काढता येतो, फिल्टर मोठा असतो, आणि व्हायब्रेशन कमी करायला स्प्रिंगा असतात. पैसे या गोष्टींचे आहेत, पत्र्यावरच्या नावाचे नाहीत.

आता तुमचं लाकूड किती जाड ते बघू. आपल्याकडं सगळे गोलाईत बोलतात, चार फूट गोलाईची नीलगिरी म्हणजे जाडी साधारण १५ इंच, गोलाईला तीननं भागून थोडं कमी धरायचं. तुमची शंभरातली नव्वद झाडं यातच बसणार. याला ५० सीसीच्या आसपासचं प्रोफेशनल मशीन आणि १८ इंची बार पुरतो, स्टीलचा एमएस २६१ (५०.२ सीसी, ३ किलोवॅट) किंवा हस्कवर्नाचं ५५० एक्सपी या जातीचं. आणि दुसरं मशीन ७० सीसीचं घ्या, आंबा-चिंचेला आणि बुडाच्या कापाला. त्यात एमएस ३८२ (७२.२ सीसी, ३.९ किलोवॅट) आहे, हस्कवर्नाचं ३७२ एक्सपी (७०.७ सीसी) आहे. एमएस ४६२ पण ७२.२ सीसीच आहे, पण ताकद ४.४ किलोवॅट आणि वजन सहा किलो, तेवढे पैसे जास्त. या ७० वाल्याला २० इंची बार लावून ठेवा आणि एक २५ इंची बार चेनसकट जवळ ठेवा. तीन फूट जाडीचा आंबा दोन्ही बाजूंनी कापला की २० इंचीतच होतो, त्यासाठी ३६ इंची बार आणि ९० सीसी रोज उचलत फिरायचं काही कारण नाही. एमएस ६६१ बिनाबारचंच साडेसात किलोच्या घरात जातं, फांद्या छाटताना दुपारपर्यंत पोराचे हात थरथरायला लागतात, आणि दमलेल्या हातातच मशीन उसळतं.

कंपनी कोणती, तर ज्याचा डीलर तुमच्यापासून तासाभरात आहे आणि ज्याच्या काउंटरवर क्लच, दोरी, ऑइल पंप, कार्बोरेटरचं किट तयार पडलेलं असतं ती. घ्यायच्या आधी दुकानात जाऊन हे चार पार्ट मागून बघा, "मागवून देतो" म्हणाला तर दुसरं दुकान. आणि दोन्ही मशीनं एकाच कंपनीची घ्या. बऱ्याचदा स्टीलची ३/८ चेन १.६ मिलिमीटर गेजची (बारच्या खाचेत बसणाऱ्या दुव्याची जाडी) असते आणि हस्कवर्नाची १.५ ची, वरून सारखीच दिसते पण बारच्या खाचेत एक बसत नाही आणि दुसरी डुगडुगते. रानात गेल्यावर हे कळलं की दिवस गेला.

तुमच्या पिस्टनवरच्या रेघा तेल कमी पडल्याच्या आहेत असं माझं मत. पोरं टाकीत अंदाजानं ऑइल ओततात ना? कंपनीच्या टू स्ट्रोक ऑइलला ५० ला १, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला १०० मिली, मापानंच. दुसरं साधं टू स्ट्रोक ऑइल असेल तर २५ ला १. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरचा पडदा कडक करतं, त्यामुळं मिक्स पेट्रोल आठ-पंधरा दिवसांचंच बनवा, आणि पावसाळ्यात मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. माझ्याकडं जून-जुलैनंतर येणाऱ्या मशीनांपैकी निम्म्यात बिघाड हाच असतो.

सुरगाणा_कूप

पोरा तू सुरगाण्याकडं काम घेतलंस म्हणून लिहितो. मी जंगल कामगार सोसायटीच्या कुपात (तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात) तरुणपणी कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत चालवली, नंतर मशीन. वरच्या मिस्त्रीनं मशीनचं बरोबर सांगितलंय, मी झाडाचं सांगतो.

साग आणि नीलगिरी ही दोन वेगळी जनावरं आहेत. साग कापायला गुळगुळीत वाटतो पण त्यात वाळूसारखा कणीचा अंश असतो, धार लवकर खातो. त्याला चौकोनी टोकाच्या दाताची चेन लावू नकोस, गोल खांद्याची, दुकानात सेमी चिझल म्हणतात ती लाव. कापते जरा सावकाश पण टिकते, आणि आपल्याकडं बुंध्यावर माती असतेच, पहिल्या पावसात उडालेली, वाळवीची. तोडायच्या आधी बुंधा कुऱ्हाडीच्या पात्यानं खरवडून घ्यायचा, पाच मिनिटं लागतात.

नीलगिरीच्या पोटात ताण असतो. कापलेल्या ओंडक्याचं तोंड संध्याकाळपर्यंत चिरतं ते तू बघितलंच असशील. तोच ताण उभ्या झाडात असतो, आणि झाड कललेलं असेल तर जास्त. पुढून तोंड (पाचरीसारखी खाच) काढून मागून सरळ काप घ्यायला गेलास की अर्ध्यात बुंधा उभा फाटतो आणि मागचा भाग खुर्चीच्या पाठीसारखा वर उडतो, छातीच्या उंचीला. माझ्या डोळ्यासमोर माझ्या चुलतभावाचा जबडा असा गेला. कललेल्या नीलगिरीला पुढचं तोंड काढ, मग बाराच्या टोकाचा खालचा भाग टेकवून आत शिर, बिजागरीच्या (तोंडामागं न कापता ठेवायची लाकडाची पट्टी) मागून, जाडीच्या दहाव्या हिश्शाइतकी बिजागरी पुढं ठेवून आरपार जा, मागं चार बोटं लाकूड धरून ठेवू दे. मग पाचर मार, दोन्ही बाजूला माणसं बघ, आणि शेवटी मागचं धरलेलं लाकूड तोड. टोकाचा वरचा कोपरा कधी लाकडाला लावायचा नाही, मशीन तिथूनच तोंडावर येतं. हे दहा झाडं माझ्यासारख्या कोणाबरोबर उभं राहून शीक, वाचून शिकू नकोस.

पळायची वाट आधी साफ करायची, झाड पडणार त्याच्या उलट बाजूला तिरकी, ४५ अंशात. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कोणी नको, पाणी द्यायला आलेलं पोरगंसुद्धा नको. आणि उतारावर वजनाचं फार महत्त्व आहे बरं का. आमच्याकडं गाडी खाली राहते, मशीन, डबा, ऑइल, पाचर सगळं खांद्यावरून वर न्यायचं असतं. ९० सीसी सांगणाऱ्यानं तो चढ चढलेला नाही.

द्राक्षबाग_मखमलाबाद

एमएस २५० माझ्याकडं सहा वर्षं आहे, एक रुपया खर्च नाही. उगाच दीड लाख कशाला घालता असं मला वाटतं. बागेच्या कडेची सगळी सुबाभूळ मी त्यावरच काढली.

कानस_आणि_कटर

दादा तुमचं बरोबर आहे आणि तुमच्यासाठी तेच मशीन बरोबर आहे. तुम्ही वर्षाला किती पेट्रोल जाळता त्यात? पंधरा-वीस लिटर? हे भाऊ तेवढं तीन दिवसांत जाळणार. सुबाभूळ मऊ पण आहे.

एक मात्र तुमच्याकडूनच आठवलं. बागेच्या कडेच्या झाडांना मांडवाची तार, अँकर बांधलेले असतात, नंतर तार गळते आणि झाड ती गिळून टाकतं. बाहेरून फक्त सालीवर आडवा वळ दिसतो. गेल्या वर्षी एकानं नवी चेन पहिल्याच दिवशी तशा तारेवर घातली, अकरा दात साफ. कापायच्या आधी मालकाला विचारायचं, इथं कधी मांडव होता का, कुंपण होतं का, आणि वळ दिसला की हातभर वरून कापायचं.

बांधावरचा_साग

मंडळी मनापासून आभार, एवढं कोणी सांगत नाही. काका तुमचा नंबर मेसेजमध्ये द्या, मी येतो सुरगाण्याला, पोरांनाही आणतो. मिस्त्री, ऑइलचं तुम्ही म्हणता तसंच आहे, बिसलरीच्या झाकणानं टाकत होते. आज मापाची बाटली आणली.

दोन गोष्टी राहिल्या. चेनला जळकं ऑइल टाकतो आम्ही, ट्रॅक्टरचं काढलेलं. चालतं का? आणि पोरांसाठी पँट, हेल्मेट घ्यायचंय, मे महिन्यात चाळिशीच्या उन्हात ती जाड पँट कोण घालणार हा प्रश्न आहे.

फांदीवर

जळकं ऑइल बंद करा प्लीज. त्यात इंजिनाचा बारीक लोखंडी चुरा असतो, पंप आणि बार दोन्ही घासतात, शिवाय ते चेनवरून उडून दिवसभर अंगावर, तोंडावर बसतं आणि ते कातडीला घातक आहे. चेन ऑइल चिकट असतं म्हणून बाराच्या टोकापर्यंत टिकतं. चालू मशीनचं टोक कोऱ्या पुठ्ठ्याकडं धरलं की तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे, ही रोजची टेस्ट.

मी नाशिक शहरात दोरावर चढून ट्रिमिंग करतो, सोसायट्या, बंगले, पावसाळ्याआधीची वायरीजवळची कामं. पँटचं सांगतो. आतमध्ये लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) गुंडाळतात आणि मशीन जागेवर थांबतं. टाइप ए घ्या, त्यात अस्तर फक्त पायाच्या पुढच्या बाजूला असतं त्यामुळं मागून हवा लागते. नाहीतर साध्या पँटवरून बांधायचे चॅप्स घ्या, कापताना घालायचे आणि ओढाओढ करताना काढायचे. क्लास १ म्हणजे सेकंदाला २० मीटर चेनच्या वेगाला टेस्ट केलेलं, लेबल शिवलेलं असतं ते बघा. आम्ही मे महिन्यात सकाळी सहाला सुरू करून अकराला मशीन खाली ठेवतो, मग चार वाजता पुन्हा. काम तेवढंच होतं. कानाला मफ पाहिजेच, हे मशीन १०० डेसिबलच्या वर जातं, माझ्या आधीच्या उस्तादला आता डाव्या कानानं ऐकू येत नाही. आणि पोरांना विचारत जा, सकाळी बोटं पांढरी पडतात का, बधिर होतात का. व्हायब्रेशननं ते होतं आणि एकदा पक्कं झालं की जात नाही.

झाडावर चढून कापायचं असेल तर वरच्या हँडलचं छोटं मशीन वेगळं असतं, माझ्याकडं एमएस १९४ टी आहे, ३१.८ सीसी. ते जमिनीवर अजिबात वापरायचं नाही, एका हातात धरायचा मोह होतो आणि त्यातच अपघात होतात. तुमचं काम जमिनीवरचं आहे, तुम्हाला नको.

गोदाकाठ

मी झाडं तोडणाऱ्यातला नाही, वाचवणाऱ्यातला आहे, तरी हा धागा पूर्ण वाचला कारण तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये परवानगीचं लिहिलंत. कुंभमेळ्याच्या तयारीत तपोवनातल्या झाडांवरून शहरात केवढं तापलं ते सगळ्यांनी बघितलं. एवढीच विनंती, मालक म्हणाला "परवानगी आहे" तर कागद हातात घेऊन झाडाचा नंबर जुळवा. साग, आंबा, चिंच, मोह, खैर, जांभूळ ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, मालकीच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते. नीलगिरी, सुबाभूळ त्यात नाही. महापालिका हद्दीत मात्र १९७५ चा कायदा वेगळा, तिथं वृक्ष प्राधिकरण. आणि मार्च ते जून घरटी असतात, तोडायच्या आधी वर एकदा बघा.

बांधावरचा_साग

दादा तुमचं पटलं. आम्ही कागदाचा फोटो काढून ठेवतोच, यापुढं नंबर जुळवल्याशिवाय मशीन चालू करणार नाही. घरट्याचंही लक्षात ठेवतो.

बांधावरचा_साग

(अडीच महिन्यांनी)

अपडेट देतो. ५० चं एक आणि ७० चं एक घेतलं, एकाच कंपनीचं, डीलर नाशिकच्या द्वारका चौकापासून दहा मिनिटांवर. चारही पार्ट मागून बघितले होते, तीन काउंटरवर होते आणि चौथा दुसऱ्या दिवशी आला. सुरगाण्याला काकांकडं चार दिवस राहिलो, बारा नीलगिरी त्यांच्यासमोर पाडल्या, दोन कललेल्या होत्या. पोरांना चॅप्स आणि जाळीचं हेल्मेट घेतलं, पहिले दोन दिवस कुरकुर केली, आता न सांगता घालतात.

एक अडचण. ७० चं मशीन आंबा कापताना उजवीकडं ओढतंय, काप सरळ येत नाही, चंद्रासारखा वाकतो. बार नवा आहे. चेन मीच कानसतो, ३/८ ला ५.२ ची गोल कानस, ३० अंशाची रेघ धरून.

कानस_आणि_कटर

फार छान वाटलं भाऊ वाचून.

उजवीकडं ओढतंय म्हणजे उजव्या बाजूचे दात जास्त लांब नाहीतर जास्त धारदार आहेत, डावे मागं पडलेत. उजव्या हाताच्या माणसाचा एका बाजूला जोर बरोबर बसतो आणि दुसऱ्या बाजूला कानस नुसती घसरते, सगळ्यांचं होतं हे. सगळ्यात छोटा दात शोधा, व्हर्नियरनं त्याच्या वरच्या पात्याची लांबी मोजा, आणि बाकी सगळे दात, दोन्ही बाजूंचे, तेवढेच करा. २० इंची बार असेल तर ७२ ड्राइव्ह लिंक (खाचेत बसणारे दुवे), म्हणजे ३६ दात, तासभर जाईल. डावे कानसताना मशीनच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहा, हात उलटा वळवू नका. दात कमी केल्यावर पुढचं डेप्थ गेजचं उंचवटंही तपासा, चपटी कानस आणि गेजपट्टी घेऊन, सागाला-आंब्याला ते दाताच्या धारेपेक्षा ०.६५ मिलिमीटरहून जास्त खाली नेऊ नका, चेन आपटायला लागते.

एवढं करूनही ओढलं तर बार काढून सपाट काचेवर उभा करा, एका बाजूची कड खाली बसलेली असेल तर दिसेल. रोज बार उलटा करून लावताय ना? आणि दुसरी चेन झिजली की स्प्रॉकेटपण बदला, तोपर्यंत थांबा.